आईचं गालाचं ऑपरेशन : घरच्यांनी काय तयारी करावी?

गवती_चहा

माझ्या आईला (वय ६२) उजव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला आहे. बायोप्सी, स्कॅन सगळं झालं. परळला टाटामध्ये दाखवलं आणि ऑपरेशन ठरलं. गालाचा भाग, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढणार, छातीचा स्नायू वर वळवून ती जागा भरणार. पुढे बहुतेक रेडिएशन लागेल म्हणाले.

आई पाटण तालुक्यातली. लग्न होऊन आली तेव्हापासून मशेरी. आमच्या वाडीत तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की सकाळ झाली असं समजायचं, त्यामुळे ते व्यसन आहे असं कुणाला कधी वाटलंच नाही. 'बाईमाणसाला तोंडाचा कॅन्सर कसा?' हे मात्र आता अर्ध्या गावाने विचारून झालंय.

डॉक्टरी सल्ला नकोय, तो तिथे नीट मिळतो आहे. मला घरातलं विचारायचंय. नळीतून जेवण कसं जमवता? बोलता येत नाही तेव्हा काय करता? मी पुण्यात नोकरीला, भाऊ-वहिनी गावी, मुंबईत आमचं कुणीच नाही. आणि घरी येणारा प्रत्येक जण 'हिंमत ठेवा' सांगून जातो. ती ठेवायची कुठे, हेही कुणीतरी सांगा.

लांबपल्ला

ताई, मी त्याच रांगेतला. २०१७ साली डावा गाल. ट्रकलाइनवर होतो, गुटखा होता. आज जेवतो, बोलतो, गाडी चालवतो. फोनवर पहिल्यांदा बोलणाऱ्याला मी पिऊन बोलतोय असं वाटतं, तेवढं सोडा.

एक काम आधी करा. शुद्धीवर आल्यावर अंगाला काय काय लावलेलं असेल ते आईंना आत्ताच सांगून ठेवा. नाकातून पोटात गेलेली जेवणाची नळी, मानेजवळ नि छातीजवळ साचलेलं रक्त-पाणी ओढणाऱ्या डब्या, लघवीची नळी, आणि बऱ्याच जणांना श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक. त्या भोकामुळे आवाज फुटत नाही. मला कुणी सांगितलं असेल तर तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. आयसीयूत हाक मारायला गेलो तर नुसती हवा. वाटलं, जीभच काढली! भोक नंतर बुजतं, आवाज परत येतो. पण ते आधी कानावर पडलेलं असलं की माणूस निम्माच घाबरतो.

पाटी-पेन्सिल न्या. मोबाइलवर टाइप करणं त्या हाताने जमत नाही, एका हाताला सलाइन असतं आणि डोळ्यांवर भूल असते. लिहिता येत नसेल तर पाटीच्या मागे चित्रं काढून ठेवा : पाणी, दुखतंय, कूस बदला, थुंकी ओढा. रात्री हाक मारायला देवघरातली घंटी. आमच्या वॉर्डात माझ्या घंटीने सगळे वैतागले होते, पण मामा उठायचा.

आत तीन छोटे चेंडू असलेलं श्वास ओढायचं यंत्र मिळतं, ते आत्तापासून ओढायला लावा, आणि रोज चालायला. मशेरी आजच बंद. जमत नसेल तर १८००-११२-३५६ वर फोन लावा, तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाइन आहे, फुकट आहे.

दुपारची_शिफ्ट

मी परिचारिका आहे, बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढली. नळीच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण घरी गेल्यावर गाडी अडते ती इथेच.

वॉर्डातून सुट्टी व्हायच्या आधी तुमच्यापैकी दोघांनी नर्ससमोर स्वतःच्या हाताने फीड देऊन बघा. नुसतं पाहून येत नाही. पेशंट पाठ टेकून बसलेला हवा, आडवा नको, आणि फीड झाल्यावरही अर्धा तास तसाच. एका वेळेला साधारण २०० मिली, दर दोन-अडीच तासांनी. तुमचा आकडा आहारतज्ज्ञ ठरवून देतील, तोच धरा. सिरिंजचा दट्ट्या जोर लावून दाबायचा नाही. सिरिंज उंच धरायची आणि आपल्या ओघाने जाऊ द्यायचं. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. नाकाजवळ नळीवर खूण केलेली असते, ती प्रत्येक फीडच्या आधी बघा. खूण सरकली असेल, ठसका लागत असेल किंवा श्वास लागत असेल तर फीड थांबवा आणि दवाखाना गाठा. निघालेली नळी घरी परत आत ढकलायची नाही, कितीही यूट्यूब बघितलं असलं तरी.

आता आत काय द्यायचं. वरणाचं पाणी देऊ नका, वरण द्या! भाताची पेज, डाळीचं पाणी, नारळपाणी देऊन देऊन घरचे दमतात आणि पेशंट वाळत जातो. डाळ-तांदूळ गाजर-भोपळ्यासकट मऊ शिजवून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालून मिक्सरमधून काढा, मग बारीक गाळणीने गाळा. नाचणीचं सत्त्व दुधात. चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं दुधात फिरवून. शेंगदाण्याचं कूट घालणार असाल तर दोनदा गाळा, एक कण अडकला की नळी बंद. गोळ्या जेवणात मिसळू नका, वेगळ्या कुटून पाण्यातून द्या, आणि कुठली गोळी कुटायची नाही ते आधी विचारा. डायबेटीस असेल तर यातलं बरंच बदलतं.

आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन. उतरायला लागलं की पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

कोकणकडा

राहण्याबद्दल. टाटाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच फेरीत जाऊन बसा, लाजू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांना नि नातेवाइकांना ठेवून घेते. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून आधी विचारायचं. परळच्या फुटपाथवर राहणारी कुटुंबं बघाल तेव्हा कळेल मी का सांगतोय.

पैशांचं : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) ऑपरेशनच्या आधी भेटा. ही योजना कॅशलेस आहे, आधी खर्च करून मग बिलं दाखवली तर उपयोग नाही. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा. आमच्याकडे 'बाई'चा घोळ होता, एका कागदावर होतं, एकावर नव्हतं, आणि तेवढ्यासाठी मालवणला परत जावं लागलं.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. फॉर्म रुग्णालयाकडूनच भरून मिळतो. एसटीतही सवलत आहे.

सुखी_माणूस

सगळं मनावर असतं. मन खंबीर असेल तर कॅन्सरही पळतो. आईंना सतत सकारात्मक ठेवा, रडू देऊ नका. आणि चिरफाडीची घाई करू नका. आमच्याकडे एक वैद्य पुडी देतात, कित्येकांच्या गाठी विरघळल्या आहेत. नंबर वेगळ्या निरोपात देतो.

रोखठोक_पेठ

विरघळलेल्या गाठींचे आधीचे नि नंतरचे बायोप्सी रिपोर्ट इथे टाका. नंबर राहू दे.

लांबपल्ला

माझ्या शेजारच्या खाटेवर असाच पुड्या खाऊन आलेला पोरगा होता. सुरुवातीला गालात होतं, आला तेव्हा हाडात गेलेलं. एवढंच सांगतो.

दुपारची_शिफ्ट

त्या पुडीत काय आहे हे देणाराही सांगत नाही, आणि काही पुड्यांमध्ये जड धातू सापडलेले आहेत. उद्या केमो लागली तर किडनी-लिव्हरवर आधीच ताण असतो. आयुर्वेदाचं काहीही चालू असेल तर ते आपल्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

शेवग्याच्या_शेंगा

सुखी_माणूस, 'रडू देऊ नका' यावर माझा खरा आक्षेप आहे. माझं स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो झाली. त्या काळात मला सगळ्यात जास्त कशाने दमवलं असेल तर ते लोकांसमोर खंबीर दिसण्याने. कुणी आलं की उठून बसायचं, हसायचं, वर त्यांनाच धीर द्यायचा. आणि पुढे काही बिघडलं तर तेही माझ्याच खात्यावर, मन कमकुवत पडलं म्हणून? आजार पेशींचा आहे. रडल्याने तो वाढत नाही.

गवती_चहा, हिंमत कुठे ठेवायची विचारलंत. माझं उत्तर : ती कामांत वाटून टाका. आमच्याकडे दीर फाइलीचे. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे त्यांच्याकडे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांच्या वहीत. जाऊ जेवणाची. आणि नणंद फोनची, म्हणजे रोज संध्याकाळी घरच्या ग्रुपवर चार ओळींचा निरोप ती टाकणार, बाकी कुणी मला किंवा नवऱ्याला फोन करायचा नाही. या शेवटच्या कामाचं मोल लोकांना कळत नाही. एकच कहाणी दिवसातून दहा जणांना सांगताना माणूस पार विझून जातो.

'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम सांगा. बुधवारचा डबा. बँकेतलं काम. मुलाला क्लासला सोडणं. खरे असतात ते करतात, बाकीचे पुन्हा विचारत नाहीत, दोन्ही बाजूंनी फायदाच. माझ्या जावेने जुन्या परकराच्या कापडाची, नाडी लावलेली एक गळ्यातली पिशवी शिवून दिली होती. ड्रेनची, म्हणजे रक्त-पाणी साचणारी डबी त्यात ठेवून मी घरभर फिरायचे. त्याआधी ती डबी हातात धरून संडासला जायचे. तिने विचारलं नाही काय हवंय, बघितलं आणि शिवलं.

गवती_चहा

काय बोलू, सगळ्यांचे आभार. 'बाई'चा घोळ आमच्याकडेही निघाला! भाऊ तहसीलला पळतोय. पाटी आणली.

गवती_चहा

धागा वर काढते आहे. आईचं ऑपरेशन झालं. गळ्याचं भोक बंद केलं, डब्या निघाल्या, नाकातली नळी आहे. तात्पुरते दादरला आहोत.

लांबपल्ला, पाटीसाठी तुम्हाला दंडवत. आयसीयूतून बाहेर आणल्यावर तिने पाटी मागितली. आम्ही दोघं भावंडं डोळ्यात पाणी आणून उभी. तिने लिहिलं : 'सरकी भिजवली का'. म्हैस व्यायला झाली आहे. भावाने मान हलवली, तरी तिचा विश्वास बसेना, वहिनीला फोन लावून स्पीकरवर टाकायला लावला.

पुढचे दिवस मात्र सोपे गेले नाहीत. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते, त्याची तिला भयंकर लाज वाटते. जुन्या सुती धोतराचे तुकडे करून ठेवलेत. खांदा उचलत नाही, मानेच्या ऑपरेशनमुळे असं होतं म्हणाले, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिलाय.

आणि माणसं. मामा भेटायला आले आणि खाटेशी बसून म्हणाले, 'तरी मी सांगत होतो, मशेरी सोड.' तिला उत्तरही देता येत नाही. मी त्यांना चहाला बाहेर नेलं आणि पुन्हा आत आणलं नाही. दुसरी एक नातेवाईक आईने हात लावलेला पेला वेगळा ठेवत होती. कॅन्सर लागत नाही हे मी तिला सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि पेला तरीही वेगळाच ठेवला.

रिपोर्ट : कडा मोकळ्या आहेत, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नाही. मानेतल्या एका गाठीत सापडलं, पण गाठीच्या बाहेर गेलेलं नाही. त्यामुळे केमो नाही, फक्त रेडिएशन, एकूण मात्रा ६० ग्रे, ३० वेळा विभागून, सोमवार ते शुक्रवार. कराडला करून घ्यायचं ठरतंय. त्याबद्दल सांगा.

दुपारची_शिफ्ट

कराड चांगलं. सहा आठवडे घरून जाता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त टाटाचे कागद पूर्ण न्या, आणि ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू होईल असं बघा. जखम भरली असेल तर उगाच सण उरकून मग जाऊ असं करू नका.

सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्या. किडलेले, हलणारे दात आधीच काढतात. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून न येण्याचा धोका असतो. ही गोष्ट पुढेही आयुष्यभर लक्षात ठेवायची, कुठल्याही डेंटिस्टकडे गेलात तरी आधी सांगायचं.

चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतात, टेबलाला अडकवतात. पहिल्या दिवशी जीव गुदमरतो. आईंना आधी दाखवायला सांगा, आणि हात वर केला की थांबवतात हेही सांगा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड येतं. एक लिटर पाण्यात एकेक चमचा मीठ आणि खायचा सोडा, याने दिवसातून सात-आठ वेळा चुळा. बाजारचं झोंबणारं माउथवॉश नको. मानेला तेल, हळद, पावडर काही लावायचं नाही, देतील तेच मलम. पदर सुती. आणि रेडिएशन संपलं म्हणजे संपलं असं नाही, त्यानंतरचे दोनेक आठवडे त्रास सगळ्यात जास्त असतो, मग उतरतो. घरच्यांना हे माहीत नसतं, पेढे वाटून बसतात आणि मग घाबरतात.

लांबपल्ला

तोंड उघडायचा व्यायाम एक दिवसही चुकवू नका! आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, सवय झाली की एक वाढवायची. रेडिएशनमध्ये दुखतं म्हणून लोक सोडतात आणि जबडा कुलपासारखा बसतो. तो नंतरही महिनोन्‌महिने आवळत राहतो, त्यामुळे मी अजून करतो, डिझेल भरायला थांबलो की.

गवती_चहा

रेडिएशनचा चौथा आठवडा. आईचं तोंड आलंय, नळी आहे म्हणून निभावतंय.

आज आईबद्दल नाही, वहिनीबद्दल विचारायचंय. सकाळी सहाचं फीड ती देते, मग धारा, मग कराड, परत येऊन पुन्हा फीड, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा. काल मी फोनवर म्हणाले, 'आईचं वजन उतरलंय का गं?' तर तिने फोन ठेवून दिला. भाऊ म्हणतो, बायका अशाच. मी इथे पुण्यात बसून काय करू?

शेवग्याच्या_शेंगा

तिला वाटलं तुम्ही हिशेब मागताय. रजा टाका आणि जा. 'मदतीला येते' म्हणू नका, 'तू माहेरी जा, मी आहे' म्हणा. आणि भावाला सकाळचं फीड शिकवा, सिरिंज धरायला बाईच लागते असं कुठे लिहिलंय? चहाचं तर सरळ बंद करा. दारावर कागद लावा : 'उपचार चालू आहेत, भेट नको, फोन अमुक नंबरवर.' गावात कसं दिसेल याची काळजी ज्याला असेल त्याने चहा करावा.

तिचं मन फारच जड झालं असेल तर १४४१६ आहे, टेली-मानस. मराठीत बोलतात. हे पेशंटइतकंच करणाऱ्यांसाठीही आहे.

रोखठोक_पेठ

'बायका अशाच' म्हणणाऱ्या भावाला एक आठवडा सगळी फीड द्यायला लावा. माझ्या वडिलांच्या वेळी मी दिली आहेत. चौथ्या दिवशी मी स्वतः 'बाई असाच' झालो होतो.

गवती_चहा

गेले होते. वहिनी माहेरी जाऊन आली. पहिले दोन दिवस जायलाच तयार नव्हती, मला गाळणी कुठली ते कळणार नाही म्हणून. (कळली नाहीच. आईने पाटीवर दिशा लिहून दिली.) भाऊ आता सकाळचं फीड देतो, कुरकुरत का होईना.

वहिनीच्या फडताळात तिची स्वतःची मशेरीची डबी आहे. मी पाहिली. आईचं सगळं डोळ्यांसमोर असताना! पण तिला बोलायचं कुठल्या तोंडाने? पहाटेपासून जी बाई उभी आहे तिला मी पुण्याहून येऊन काय शिकवू?

लांबपल्ला

शिकवू नका. कराडला रोज जातेच आहे तर तिथेच तोंड तपासून घे म्हणा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट झोंबणं, तोंड कमी उघडणं, एवढं बघतात, पाच मिनिटांचं काम. सोडायचं ते नंतर. मला गुटखा सोड म्हणणारे पुष्कळ होते, आ कर म्हणणारा एकही नव्हता.

गवती_चहा

बरेच महिने इकडे येणं झालं नाही. आई बरी आहे. नळी निघाली. घट्ट आंबील, खिमटी, मऊ पिठलं-भात, असं खाते. भाकरी दुधात कालवून खायचा प्रयत्न केला, अजून नाही जमत, तिखट तर अजिबात नाही. तोंडाला कोरड असते, पाण्याची बाटली सोबत लागते. बोलणं आम्हाला सगळं कळतं, नवख्याला निम्मं. फोनवर ती वैतागून फोन भावाकडे देते.

हळदीकुंकवाला गेली नाही. शेजारणींनी घरी येऊन तिला लावलं, तेव्हा पदर तोंडावरून काढला नाही. मी काही म्हटलं नाही. डेअरीवर मात्र पदर न घेता जाते आणि फॅटवरून भांडते.

वहिनीने तपासून घेतलं. एक छोटा पांढरा चट्टा आहे, लक्ष ठेवायला सांगितलंय, दर तीन महिन्यांनी बोलावलंय. डबी तिने आपणहून टाकली की नाही ते मी विचारलेलं नाही.

दुपारची_शिफ्ट

छान! पहिल्या दोन वर्षांतल्या तपासण्या चुकवू नका, परत यायचं असेल तर बहुतेकदा त्याच काळात येतं. आणि मानेला रेडिएशन झालंय, तेव्हा सहा-बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी करत राहा. सुस्ती, सूज, थंडी वाजणं असं असेल तर 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका.

हिरवा_माठ

नवीन सदस्य. सगळा धागा वाचला. माझ्या मिस्टरांचं पुढच्या मंगळवारी आहे, जिभेचं. लांबपल्ला, त्या काड्या मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत, काय म्हणून मागायच्या? आणि त्यांनाही लागतील का?

लांबपल्ला

स्टेशनरीच्या दुकानात जा, शाळेच्या हस्तकलेच्या काड्या म्हणून मागा, अख्खं पाकीट मिळतं. रंगीत नको, साध्या घ्या, आणि वापरायच्या आधी उकळून वाळवा. जिभेच्या ऑपरेशनमध्ये लागतील का, कधी सुरू करायच्या, ते तिथल्या फिजिओला विचारा, टाके असताना आपल्या मनाने नाही. पाटी घेतलीत का?